धवलची लाल बहीण

[दृश्य : लाल तुरा अगदी जवळून. पक्षी हवेत स्थिर.]

पक्ष्याच्या कपाळावर जी पूड चिकटलेली दिसते, ते या फुलाचे पराग आहेत. जेमतेम ३ ग्रॅम वजनाचा हा रुबी-थ्रोटेड हमिंगबर्ड न्यू जर्सीतल्या एका मराठी घराच्या परसात ऑगस्टच्या सकाळी पुन्हा पुन्हा येतो, तो कार्डिनल फ्लॉवर या बहुवर्षायू झाडासाठी. तुऱ्यावरची फुले खालून वर उमलत जातात. नुकत्याच उमललेल्या फुलात पाच परागकोश जुळून झालेली राखाडी नळी पुढे वाकलेली असते, आणि पक्ष्याने चोच खुपसली की तिचे टोक नेमके त्याच्या कपाळाला लागून पराग तिथे सांडतात. पुढे त्याच नळीतून कुक्षी बाहेर डोकावते आणि दुसऱ्या झाडावरून आलेले पराग टिपून घेते. म्हणून एकाच तुऱ्यावर वरची फुले पराग देणारी आणि खालची घेणारी असतात.

[दृश्य : ओढ्याचा काठ, चिखलात उभी झाडे.]

कॅनडाच्या पूर्व भागापासून मध्य अमेरिकेपर्यंत, ओढ्यांच्या काठी आणि पाणथळ कुरणांत हे झाड आपोआप उगवते. रोमन कॅथलिक कार्डिनलांच्या लाल झग्यावरून त्याला हे नाव पडले. त्याची प्रजाती लोबेलिया, आणि इथे मराठी माणसाने थोडे थांबायला हवे, कारण हिवाळ्यात महाबळेश्वरच्या परिसरात उंच वाढणारा, पोकळ देठाचा, पांढऱ्या फुलांचा धवल याच प्रजातीतला आहे. धवलला रानतंबाखू असेही म्हणतात, आणि ते नाव उगाच पडलेले नाही. लाल बहिणीच्याही अंगात लोबेलिन हे अल्कलॉइड असते, जे शरीरात निकोटिनच्याच जागी जाऊन बसते. सिगारेट सुटावी म्हणून ते एकेकाळी गोळ्यांतून विकले जाई. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९३ साली डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय होणारी अशी विक्री थांबवली.

[दृश्य : पन्हळीचे तोंड, वाफा, हातमोजे घातलेले हात.]

या घराच्या मालकीणबाईंनी झाडासाठी जागा निवडली ती छतावरच्या पावसाची पन्हळ जिथे मोकळी होते तिथे, कारण या झाडाला ओल सतत लागते आणि एखादा आठवडा जरी माती कोरडी पडली तरी पाने मान टाकतात. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली त्याला मानवते. बी धुळीसारखे बारीक असून उगवायला त्याला उजेड लागतो. त्यामुळे ते मातीत पुरायचे नाही, ओल्या मातीवर भुरभुरायचे आणि तळहाताने हलके दाबायचे. नोव्हेंबरात असे पेरलेले बी हिवाळाभर थंडी खाते आणि वसंतात उगवते. पहिल्या वर्षी बहुधा जमिनीलगत पानांचा एक चपटा गुच्छ तेवढा दिसतो.

खरी काळजी घ्यायची ती याच गुच्छाची, कारण कोवळेपणी तो एखाद्या पालेभाजीसारखा दिसतो. म्हणून हा वाफा मेथी, माठ आणि कोथिंबिरीच्या वाफ्यापासून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला आहे, मध्ये कमरेएवढे कुंपण आहे आणि झाडाच्या नावाची पाटी बी पेरतानाच रोवलेली आहे. छाटणी हातमोजे घालून होते, छाटलेले देठ पाळीव सशापुढे टाकले जात नाहीत, आणि काम संपल्यावर हात साबणाने धुतले जातात. झाड पोटात गेले तर मळमळ, उलट्या, घाम, कंप आणि जास्त प्रमाणात झटकेही येऊ शकतात. अमेरिकेतला विषबाधा मदत क्रमांक १-८००-२२२-१२२२ आहे.

[दृश्य : साखरपाण्याची लाल प्लॅस्टिकची बाटली, मग पुन्हा तुरा.]

झाड विषारी म्हटल्यावर ते उपटून ही बाटली टांगणे सोपे वाटते. पण बाटलीतले पाणी उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी बदलावे लागते, नाहीतर ते आंबते. तुऱ्यावरचा मकरंद झाड स्वतःच ताजा ठेवते. रोप मात्र रोपवाटिकेतूनच आणावे. ओढ्याकाठची झाडे खणून आणणाऱ्यांमुळे काही ठिकाणी ती विरळ झाली आहेत, आणि खणून आणलेले झाड अंगणात टिकेलच असेही नसते.

[दृश्य : ऑक्टोबर. पानगळ.]

पक्षी आता मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडे निघून गेले आहेत. एकेक झाड तसे अल्पायुषी, पण फुललेल्या देठाच्या बुंध्याशी नवे गुच्छ फुटतात आणि वसंतात ते वेगळे करून लावता येतात. हे गुच्छ हिवाळ्यातही हिरवे राहतात, त्यांना उजेड लागतो, आणि ओल्या पाचोळ्याखाली ते कुजतात. त्यामुळे मेपलची पाने पडू लागली की मालकीणबाई दर रविवारी हातमोजे चढवतात आणि या एवढ्याशा वाफ्यावरची पाने एकेक करून उचलतात.