बोलायचं तर हवेकडे बघून बोला

(पडद्यावर: अठराव्या शतकातल्या लंडनचा नकाशा. कॅमेरा क्लॅपहॅमवर येऊन थांबतो.)

निवेदन:
हेन्री कॅव्हेंडिश. हायड्रोजन हा वेगळा वायू आहे, हे 1766 साली दाखवून देणारे शास्त्रज्ञ. घराणं ड्यूकचं, पैसा रग्गड, अंगावर मात्र कायम विटका जांभळा कोट. आणि माणसांची भारी धास्ती!

त्यातही बायकांची जास्त. मोलकरणींनी नजरेस पडायचं नाही, असा घरात हुकूमच होता. एकदा जिन्यावर एक मोलकरीण झाडू-बादलीसकट समोर आली. स्वारी तिला एका शब्दानेही बोलली नाही. फक्त घराच्या मागच्या बाजूला दुसरा जिना बांधून घेतला.

जेवणाचा बेत बहुतेक एकच, मेंढीची तंगडी. एकदा काही पाहुणे यायचे होते. पाच जणांना एक तंगडी पुरायची नाही, म्हणून घरचे नोकर काळजीत. साहेबांनी तोडगा काढला: "मग दोन आणा."

बँकेत 80,000 पौंड नुसते पडून होते. त्यांचं काय करायचं, हे विचारायला बँकवाला घरी आला, तर त्यालाच दम मिळाला. पैशांचा त्रास होत असेल तर सगळे काढून घेतो म्हणे! बिचारा गयावया करत म्हणाला, निदान अर्धे कुठे गुंतवू का? गुंतवा, पण पुन्हा इथे येऊन डोकं खाऊ नका.

(पडद्यावर: मेणबत्त्या, लांबलचक जेवणाचं टेबल.)

रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेतल्या मंडळींच्या जेवणाला मात्र ते नेमाने जात. नवख्यांना तिथे सल्ला मिळे: त्यांच्याकडे बघू नका, हवेशी बोलल्यासारखं बोला, मग कदाचित उत्तर येईल. एका जेवणात शेजारी विल्यम हर्शेल बसले होते, युरेनस शोधणारे. बराच वेळ गप्प बसून कॅव्हेंडिशनी विचारलं, "तुम्हाला तारे गोल दिसतात, हे खरं का?"
"अगदी बटणासारखे गोल."
पुन्हा शांतता. ताटं उचलायची वेळ झाली तेव्हा हळूच शंका आली, "बटणासारखे गोल?"
"हो, बटणासारखे गोल."
संवाद संपला.

पृथ्वीची घनता मोजतानाही हा माणूस खोलीबाहेरच! तिथे मात्र कारण चोख होतं. शिशाचे दोन गोळे, प्रत्येकी दीडशे किलोंच्या वर. ते टांगत्या दांडीवरच्या छोट्या गोळ्यांना किती ओढतात, ते बघायचं आणि त्यावरून पृथ्वीची घनता काढायची. ओढ इतकी नाजूक, की जवळ उभ्या माणसाच्या अंगच्या उबेने हवा हलली तरी मोजमाप बिघडावं. म्हणून खोली बंद, भिंतीला भोक आणि भोकात दुर्बीण. 1798 साली उत्तर छापलं: पाण्याच्या 5.48 पट. आजचा आकडा साधारण 5.51. खोलीबाहेर राहून एवढं जमलं, तर आत कशाला जायचं?

(पडद्यावर: हस्तलिखितं, काचेच्या नळ्या, तारा.)

विजेवर त्यांनी ढीगभर काम केलं, पण छापायचा कंटाळा. वीज मोजायचं यंत्र नव्हतं, तर स्वतःचाच हात वापरला: झटका बोटापर्यंत, मनगटापर्यंत की कोपरापर्यंत, यावरून तुलना. ही टिपणं 1879 साली भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी छापली. त्याआधी केंब्रिजमध्ये त्यांनी हेच प्रयोग करून पाहिले, आणि प्रयोगशाळेत येणाऱ्या पाहुण्यांचेही हात तारांना लावले. एक अमेरिकी पाहुणा म्हणे भलताच चिडला: आमच्याकडे आलेल्या शास्त्रज्ञांना आम्ही असं वागवत नाही!