प्रत माहितीसाठी

(दृश्य : टेबलावर कापडी पिशवी उलटी होते. लिफाफे, रजिस्टर एडीच्या पोचपावत्या, झेरॉक्स.)

निवेदन :
एका विवाहितेची ही पिशवी लग्नाचा बस्ता बांधला त्या दुकानाची आहे. आता तिच्यात सासरविरुद्धच्या तक्रारी राहतात. मोजल्या, अकरा भरल्या. नवऱ्याच्या कंपनीला तीन. पोलीस ठाण्याला दोन. नगरपालिकेला दोन. महिला आयोग, आयकर खातं, सासऱ्यांचं पेन्शन कार्यालय आणि दिराची बँक, यांना एकेक.

कोर्टात मात्र केस एकच. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५, कलम १२ खालचा, संरक्षण, घर आणि पोटगी मागणारा अर्ज.

(क्लोज-अप : एका तक्रारीचा तळ. बोट ओळीवरून फिरतं.)

‘प्रत माहितीसाठी सविनय सादर.’ खाली सात जण. मा. मुख्यमंत्र्यांपासून मा. तहसीलदारांपर्यंत. हे कुणी सांगितलं, असं विचारलं तर ती हसते. आईच्या नात्यातले एक मामा. अर्ज कसा ‘कडक’ लिहायचा हे ज्याला कळतं असा एक मामा बहुतेक घरांत असतोच.

(दृश्य : भिंतीवरचं कॅलेंडर. पेनाने गोल केलेल्या तारखा.)

कायदा म्हणतो, अर्ज आल्यावर पहिली तारीख साधारण तीन दिवसांच्या आत आणि त्या तारखेपासून साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा. या कॅलेंडरवर चौदा गोल आहेत, आणि हे कॅलेंडर दुसऱ्या वर्षाचं आहे. दोन तारखांच्या मधे माणूस करणार काय? अर्ज लिहितो. तिला कुणी भांडकुदळ म्हणण्याआधी हे गोल मोजावेत.

(दृश्य : विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय. वकीलताई चष्मा वर सारून कागद वेगळे करताहेत.)

महिलेला इथे मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट नाही. वकीलताई आधी कागदाची तारीख बघतात, मग जावक शिक्का, मग मजकूर. शेवटी विशेषणं. ‘नराधम’ या शब्दावर पेन्सिलीची रेघ. ‘खानदानी गुन्हेगार’, रेघ.

“अगं, हे तू त्यांच्या साहेबाला पाठवलंस. पण वाचणार कोण? आपले जजसाहेब. सासरचा वकील हेच पत्र कागदपत्रांच्या यादीला लावणार आणि उलटतपासणीत तुझ्या हातात देणार.”

नवऱ्याच्या कंपनीची तीन पत्रं एका बाजूला जातात. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका लष्करी अधिकाऱ्याला घटस्फोट दिला. पत्नीने वरिष्ठांकडे केलेल्या तक्रारींमुळे त्याच्यामागे चौकशी लागली, कारकीर्द अडली. न्यायालयाने ती मानसिक क्रूरता मानली. म्हणून मालकाला लिहिलेलं प्रत्येक पत्र क्रूरता ठरतं असं नाही. पण सासरचे वकील तो निकाल खिशात घेऊनच फिरतात. आणि साधा हिशोब : नोकरी गेली तर पोटगी कुठून येणार?

कौटुंबिक हिंसाचार कायद्यातच कलम २० आहे. ठरलेली रक्कम नवऱ्याने दिली नाही, तर दंडाधिकारी त्याच्या मालकालाच पगारातून ती थेट पत्नीला द्यायला किंवा कोर्टात भरायला सांगू शकतात. म्हणजे कंपनीला पत्र जाऊ शकतं, फक्त ते कोर्टाच्या सहीचं असावं लागतं. पगार किती, हेही एचआरला विचारत बसायचं नाही. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंना मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. तिच्या फाइलला नवऱ्याचं प्रतिज्ञापत्र अजून लागलेलं नाही. त्यासाठी अर्ज द्यायचा राहून गेला, आणि त्या दिवसांत कंपनीला तिसरं पत्र गेलं.

(दृश्य : दुमजली घर, रस्त्याच्या पलीकडून. वरच्या मजल्याला प्लास्टर नाही.)

हे तिचं सासर. घर सासूच्या नावावर. घरावर नवऱ्याचं नाव नसलं तरी ते पत्नीचं ‘सामायिक निवास’, म्हणजे तिला राहण्याचा हक्क असलेलं घर, असू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच स्पष्ट केलं आहे. कलम १९ खाली तिने कोर्टाकडे मागितलंय ते याच घरात राहणं, याच वरच्या मजल्यावर. आणि नगरपालिकेला लिहिलंय, हा मजला विनापरवाना आहे, तत्काळ पाडावा.

वकीलताई दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवतात. काही बोलत नाहीत.

(दृश्य : ती खिडकीकडे बघते. सात सेकंद, निवेदन नाही.)

नगरपालिकेची नोटीस निघाली, सासूने दिवाणी कोर्टातून स्थगिती आणली, राहण्याचा अंतरिम आदेश त्यात लटकला, मुलीची शाळा बदलली.

आयकराच्या अर्जात हुंड्याची रोख रक्कम आहे. हुंडा प्रतिबंधक कायदा तक्रार करणाऱ्या पीडितेच्या जबाबाला त्या कायद्यापुरतं संरक्षण देतो. पण एवढी रोख आली कुठून, हा प्रश्न आयकर खातं तिच्या वडिलांनाही विचारू शकतं. मामांनी हे सांगितलं नव्हतं.

(दृश्य : पिशवीच्या तळाशी चिकटलेला कागद. नखाने सोडवतात.)

हा अकरावा. पोलीस ठाण्याला दिलेला साधा हाताने लिहिलेला अर्ज, नऊ ओळी. दीर माहेरच्या दारात आला, वेळ, काय म्हणाला, शेजारचं कोण ऐकत होतं. एकही विशेषण नाही. मामा त्या दिवशी गावाला गेले होते. तारीख कोर्टाने तिला दिलेल्या संरक्षण आदेशानंतरची, आणि त्या आदेशात दिराचं नाव आहे. म्हणजे कलम ३१ : आदेशाचा भंग, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दखलपात्र आणि अजामीनपात्र.

“हा कागद मला पहिल्या दिवशी का नाही दाखवलास गं?”

“ताई, छोटा होता म्हणून.”

(दृश्य : कोर्टाबाहेरची पत्र्याची शेड. टायपिस्ट.)

आता पाठवलेलं परत घेता येत नाही. वकीलताई अकराही प्रती स्वतःच कोर्टात दाखल करणार आहेत. समोरच्याने काढण्याआधी आपण ठेवायच्या. नगरपालिकेला ‘तक्रार खोटी होती’ असं लिहायचं नाही, कारण मजला खरंच विनापरवाना आहे. लिहायचं एवढंच, की प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने मी पाठपुरावा करत नाही. आयोगाचा कागद फाइलला राहील. आयोग दोघांना बोलावतो, पोलिसांकडून अहवाल मागवतो. पोटगीचा आदेश मात्र देत नाही. पेन्शन कार्यालय आणि बँकेबद्दल वकीलताई फक्त हात हलवतात.

सासरच्या मंडळींनी कॅमेऱ्यासमोर बोलायला नकार दिला.

(दृश्य : टायपिस्टची बोटं. कागद सरकतो.)

सवयीने त्याने शेवटी टाइप केलंय, ‘प्रत माहितीसाठी’. मान वर न करता विचारतो, “खाली कोण कोण?”

ती वकीलताईंकडे बघते. मग त्याला म्हणते, “ती ओळ काढा, दादा.”

(दृश्य : कोर्टाचं फाटक. कॅमेरा इथपर्यंतच.)

साडेअकराला पुकारा झाला. साहेब रजेवर. कॅलेंडरवर पंधरावा गोल.