किमरिजच्या कड्यातला प्लायोसॉर

[दृश्य: इंग्लंडचा दक्षिण किनारा, डॉर्सेट. किमरिजचा काळपट कडा.]

२०२२ साली इथे जीवाश्म शोधत फिरणाऱ्या फिल जेकब्स यांना दगडगोट्यांत एका प्रचंड जबड्याचं टोक दिसलं, दातांसकट. तो प्लायोसॉरचा, म्हणजे डायनासोरांच्या काळातल्या एका शिकारी समुद्री सरीसृपाचा जबडा होता. एकट्याला हलेना, म्हणून त्यांनी स्टीव्ह एचेस यांना गाठलं. एचेस यांनी या किनाऱ्यावरचे जीवाश्म जमवण्यात आयुष्य घातलंय. जुजबी स्ट्रेचर करून दोघांनी तो तुकडा सुरक्षित जागी नेला.

टोक वरून पडलंय, म्हणजे बाकीची कवटी कड्यातच असणार. ड्रोनने जागा सापडली: किनाऱ्यापासून ११ मीटर वर, माथ्यापासून १५ मीटर खाली. मग माथ्यावरून दोर सोडून, लटकत खोदकाम.

[दृश्य: छिन्नी, ब्रश, प्लास्टर.]

इथला शेल, म्हणजे चिखल दबून बनलेला खडक, पापुद्र्यापापुद्र्याने सुटतो आणि त्यातलं हाड भेगाळलेलं असतं. ओढलं की चुरा. अशा हाडाच्या भेगांत आधी पातळ डिंक मुरवतात. मग ओला टिश्यू पेपर अंथरून त्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या बसवतात. टिश्यूचा थर विसरला, तर प्लास्टर हाडालाच धरतं आणि सोडवताना हाडाचा पृष्ठभाग घेऊन निघतं. मोठ्या तुकड्याला लाकडी पट्ट्यांचा आधार हवाच, नाहीतर स्वतःच्या वजनानेच तो मधोमध मोडतो.

साफसफाईला पुढे कित्येक महिने लागले.

[दृश्य: पूर्ण कवटी.]

लांबी २ मीटर, दात १३०, वय सुमारे १५ कोटी वर्षं. शेलमधल्या कवट्या बहुधा दबून चपट्या होतात. इथे मात्र वरचा आणि खालचा जबडा जिवंतपणी मिटावेत तसे एकमेकांत बसलेत. म्हणून तर ही कवटी इतकी मोलाची! दातांच्या मागच्या बाजूला बारीक कंगोरे आहेत. दात मांसात रुतवून झटकन बाहेर काढता यावा, यासाठी. कवटीच्या मागच्या मोठ्या पोकळ्यांवरून जबड्याच्या स्नायूंचा अंदाज बांधला, तर चाव्याचा जोर ३३,००० न्यूटनच्या घरात जातो, खाऱ्या पाण्यातल्या मगरीच्या जवळपास दुप्पट. प्राणी १० ते १२ मीटरचा असावा. साधारण त्याच काळात आपल्या कच्छवरही समुद्र होता. भुजजवळच्या लोडाईला मिळालेला इक्थियोसॉर, म्हणजे माशासारख्या अंगाचा समुद्री सरीसृप, तिथलाच.

कवटी आता किमरिजच्याच एचेस कलेक्शन संग्रहालयात आहे. धड बहुधा अजून कड्यातच आहे, आणि कडा दरवर्षी काही फूट मागे सरकतोय. पुढची मोहीम लांबली, तर मणके एकेक करून लाटांत जातील.