एस्टोनियाची 'गाणारी क्रांती': ताकद आली कुठून?

नमस्कार मंडळी! ११ सप्टेंबर १९८८, बाल्टिक समुद्राकाठच्या एस्टोनियाची राजधानी टॅलिन, तिथलं गाण्याचं मैदान. अंदाजे तीन लाख माणसं जमलीयत आणि एस्टोनियाची सगळी लोकसंख्या तेव्हा पंधरा लाखांच्या आसपास, म्हणजे पाचातला एक जण तिथे आलाय! सोव्हिएत राज्य अजून आहे, केजीबी म्हणजे त्यांचे गुप्त पोलीस पण आहेत, आणि ही लोकं काही महिन्यांपूर्वीपर्यंत बंदी असलेला आपला निळा-काळा-पांढरा राष्ट्रीय झेंडा घेऊन गातायत. त्याच मंचावरून ट्रिविमी वेलिस्ते या कार्यकर्त्याने स्वातंत्र्य परत हवंय हे उघड बोलून दाखवलं.

याला 'गाणारी क्रांती' म्हणतात. पण मला वाटतं आपण फक्त गाणं बघतो आणि ते गाणं जिवंत ठेवणारी गावोगावची गायन मंडळं विसरतो. पहिला गीत महोत्सव झाला १८६९ ला, तार्तू शहरात. तेव्हा राज्य रशियन झारचं, जमीनदार जर्मन, आणि एस्टोनियन म्हणजे शेतात राबणारी माणसं. योहान वोल्डेमार यान्सेन या पत्रकाराने तो भरवला, आठशेच्या आसपास गायक-वादक आले. तेव्हापासून मंडळं तालमी करत राहिली, मग मोठ्या महोत्सवात सगळी एकत्र येऊन तीच गाणी एका आवाजात गायची.

१९१८ ला स्वातंत्र्य जाहीर झालं, लढून टिकवलं, आणि मग २३ ऑगस्ट १९३९ ला हिटलर आणि स्टालिनच्या माणसांनी गुप्त करारात या देशाचं भवितव्य परस्पर ठरवून टाकलं. १९४० ला सोव्हिएत आले. जून १९४१ मध्ये साधारण दहा हजार माणसं मालगाड्यांत भरून रशियात पाठवली. मग जर्मन आले, १९४४ ला परत सोव्हिएत. दोन्ही सैन्यांनी एस्टोनियन पोरांना भरती केलं, आणि सप्टेंबर १९४४ मध्ये आविनुर्मेजवळ एस्टोनियनच एस्टोनियनांवर गोळ्या झाडत होते. हे वाचलं की मला पुढे सरकायला वेळ लागतो. हजारो लोक होड्यांतून स्वीडनला पळाले. मार्च १९४९ मध्ये आणखी वीस हजारांवर माणसं सायबेरियाला, त्यात बहुतेक बायका, मुलं, म्हातारे.

आणि याच काळात महोत्सव चालूच होता! सोव्हिएत सरकारला तो प्रचारासाठी हवा होता, स्टालिनची स्तुती गायला लावायची. संगीतकार गुस्ताव एर्नेसाक्सने कवयित्री लिडिया कोइदुलाच्या जुन्या कवितेला चाल लावली होती, 'माझी मायभूमी हेच माझं प्रेम' असं काहीसं, ते गाणं १९४७ च्या महोत्सवात गायलं गेलं. नंतर त्यावर बंदी आली. १९५० च्या महोत्सवाआधी वेट्टिक, पेट्स आणि कारिंदी या गायकवृंदाच्या तीन प्रमुख संचालकांना अटक करून छावण्यांत धाडलं. १९६० ला लोकांनी ते गाणं तरीही गायलंच, परवानगीची वाट न बघता.

मला इथेच सगळ्यात मोठी गोष्ट दिसते. पक्ष बंद झाले, वर्तमानपत्रं गेली, शिक्षक-शेतकरी उचलून नेले, रशियन भाषिक इतके आणून वसवले की १९३४ ला ८८ टक्के असलेले एस्टोनियन १९८९ पर्यंत ६१ वर आले, पण हजारो माणसांना एकत्र आणून आपल्या भाषेत उभं करणारी व्यवस्था सरकारला मोडता आली नाही, कारण ती त्यालाही हवी होती. म्हणून १९८८ ला कुणाला नव्याने काही उभारावं लागलं नाही.

२३ ऑगस्ट १९८९ ला, त्या कराराच्या पन्नासाव्या वर्षी, टॅलिनपासून लिथुआनियाच्या विल्नियसपर्यंत, एस्टोनिया, लॅटविया आणि लिथुआनिया या तिन्ही बाल्टिक देशांतली अंदाजे वीस लाख माणसं हातात हात धरून उभी राहिली. पण फक्त गाण्याने काम झालं असं मी म्हणणार नाही, जानेवारी १९९१ ला विल्नियस आणि लॅटवियाच्या रीगामध्ये माणसं मारली गेलीच. एस्टोनियात तसा रक्तपात झाला नाही, आणि ऑगस्टमध्ये मॉस्कोत बंड झालं तेव्हा टॅलिनच्या सर्वोच्च परिषदेने, म्हणजे तिथल्या संसदेने, संधी ओळखून २० तारखेच्या रात्री स्वातंत्र्य जाहीर केलं. रशियन सैन्य मात्र पूर्ण निघायला ३१ ऑगस्ट १९९४ उजाडलं.