पिरोश्का बोरबिरो कोण होती?

श्रोतेहो, नमस्कार. आज एका हंगेरियन चित्रपटाविषयी. दिग्दर्शिका मार्ता मेसारोश, साल २००४, नावाचा अर्थ 'न पुरलेला माणूस'. हा माणूस म्हणजे इम्रे नॉज, १९५६च्या उठावातले हंगेरीचे पंतप्रधान. स्वतः जुने कम्युनिस्ट, पण देशाला वॉर्सा करारातून, म्हणजे सोव्हिएत गटाच्या लष्करी युतीतून, बाहेर काढायला निघाले. ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टवर चालून आले. पहाटे नॉज रेडिओवर बोलले ते जेमतेम अर्धा मिनिट. (आम्हा रेडिओवाल्यांना कितीही वेळ द्या, कमीच पडतो!) मग युगोस्लाव्ह वकिलातीत आसरा, सुखरूप सोडण्याचं वचन, बाहेर पडताच अटक, गुप्त खटला. दयेची याचना त्यांनी केली नाही. १६ जून १९५८ला फाशी.

आता खरी गोष्ट ऐका. फाशीनंतर त्यांना तुरुंगाच्या आवारातच पुरलं. १९६१ साली रात्रीतून उकरून शेजारच्या दफनभूमीत हलवलं, ३०१ क्रमांकाच्या तुकड्यात. डांबरी कागदात गुंडाळलेले, तारेनं बांधलेले, आणि पालथे! हो, पालथे. आणि नोंदवहीत नाव काय लिहिलं? पिरोश्का बोरबिरो. बाईचं नाव! पिरोश्का म्हणजे तिकडच्या मुलांच्या गोष्टीतली लांडग्याला भेटणारी लाल टोपीवाली. एका पंतप्रधानाला सरकारनं वहीत बाई करून टाकलं. पुन्हा सांगतो: कबरीवर नाव नाही, आणि वहीत नाव दुसऱ्याचंच. मेलेल्या माणसाची इतकी धास्ती!

नॉज यांचं काम केलंय यान नोविट्स्की या पोलिश नटानं. चरित्रपट म्हटला की आपल्याकडे आधी नाक चिकटवतात, मग मिशी, आणि अभिनय उरला तर उरला; तेव्हा मी जरा धास्तीनंच बघायला बसलो होतो. दिग्दर्शिकेचे वडील शिल्पकार होते, स्टालिनच्या काळात सोव्हिएत देशात मारले गेले. तिला हा विषय कुणी समजावून द्यायची गरज नव्हती.

तर, ते ३०१ नंबरचं रान १९८९च्या वसंतात खणलं आणि पिरोश्काबाई सापडल्या. त्याच वर्षी १६ जूनला, फाशीच्याच तारखेला, बुडापेस्टच्या वीरचौकात सहा शवपेट्या मांडल्या. पाचांत नॉज आणि त्यांचे सहकारी. सहावी रिकामी, उठावात गेलेल्या अनामिकांसाठी. आणि ध्वनिक्षेपकावरून फाशी गेलेल्यांची नावं वाचली जात होती, एकेक करून, खरी नावं.