बाग म्हणजे एका निविदेचं काम नाही

नमस्कार मंडळी. आज मी पणजीच्या चर्च स्क्वेअरसमोर, गार्सिया दे ओर्ता उद्यानात उभा आहे. आपल्यासाठी हे म्युनिसिपल गार्डनच. १८४३ मध्ये पणजी राजधानी झाली आणि १८५५ मध्ये ही बाग आखली गेली. नाव आहे एका वैद्याचं. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला.

दीडशेहून जास्त वर्षं या जागेत माणसं सावलीला येऊन बसतात. मग आपण बागेचा विचार एका निविदेपुरता का करतो? पेव्हर बसतात, खेळणी येतात, उद्घाटन होतं. तिसऱ्या वर्षी झोपाळ्याची साखळी तुटली तर ती बदलायचे पैसे कुठून येणार, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती झाडांची. बकुळीचं रोप आज लावलं तर बाकावर नीट सावली पडायला पंधरा-वीस वर्षं जातात. आणि आपण करतो काय? जून-जुलैच्या वाऱ्यात जुनं झाड कोसळलं की मग रोप शोधायला धावतो. म्हाताऱ्या झाडाचा वारस ते उभं असतानाच शेजारी वाढायला हवा. त्यासाठी बागेतल्या प्रत्येक झाडाची नोंद लागते: जात, अंदाजे वय, बुंध्यात ढोली आहे का, वाळवी लागली आहे का, झाड कुठे कललं आहे. ही नोंद नसेल तर आराखडा कितीही रंगीत छापा, तो अंदाजच. आणि कृपा करून बुंध्यापर्यंत काँक्रीट नेऊ नका! मुळांना हवा-पाणी मिळत नाही, आणि खोदकामात मुळं तुटलेलं झाड वाऱ्याला टिकत नाही.

आता पाणी. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्यामुळे एप्रिलमध्ये रोपं सुकतात. पायवाटांचा उतार गटाराकडे न देता झाडांच्या आळ्यांकडे द्या, पाणी मुरू द्या. पणजीत टोंकला सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प आहे; तिथलं शुद्ध केलेलं पाणी कुठल्या बागेला, टँकरने की नळाने, हे आराखड्यातच ठरलेलं असावं.

माळ्याचा पगार, छाटणी, शौचालयाची सफाई, दिवे यांची तरतूद दरवर्षी वेगळी दिसली पाहिजे. १९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीने उद्यानं आणि मैदानं पालिकांच्या कामांच्या यादीत घातली आहेत. तेव्हा अंदाजपत्रकात बागेचा आकडा दिसला की नगरसेवकाला विचारा, यात नवं बांधकाम किती आणि देखभाल किती?

बागेची जागा मात्र ठरते बाह्यविकास आराखड्यात, म्हणजे ओडीपीत; कुठली जमीन कशासाठी, हे त्यात दाखवलेलं असतं. त्याचा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला होतो. तो आला की आपल्या वाड्याचा, म्हणजे वस्तीचा, नकाशा उघडा, मोकळी जागा म्हणून काय दाखवलंय ते प्रत्यक्ष जाऊन पाहा, आणि फरक आढळला तर मुदतीच्या आत लेखी हरकत द्या.