गाडीत झोपायचं तर ऊब आणायची कुठून?

(नाशिकमध्ये कॅराव्हॅनच्या हौशी मंडळींसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, हीटर कोणता घ्यायचा हे नंतर. आधी सांगा, गाडी नेणार कुठे? मागून आवाज आला, लडाख. येणारच! जो तो लडाखच म्हणतो, आणि गाडी मुक्कामाला जाते निफाडला, मेव्हण्याच्या द्राक्षबागेत. पण हसू नका, निफाडची जानेवारीतली पहाटही काही साधी नसते.

हीट पंप म्हणजे उलटा चालणारा एसी. उन्हाळ्यात आतली उष्णता बाहेर टाकतो, थंडीत बाहेरची आत ओढतो. गार हवेत कसली आलीय उष्णता? असते, पण खोल गेलेली असते. विहिरीला पाणी वर असलं की मोटार पाइप भरून पाणी देते. मे महिन्यात पाणी तळाला गेलं की मोटार तीच, धार मात्र करंगळीएवढी. हीट पंपाचंही तसंच. बाहेर १२-१५ अंश असतील तर एका युनिट विजेत अडीच-तीन युनिटांची ऊब मिळते. साधा कॉइलचा हीटर एकाला एकच देतो. पारा उतरला की हा फायदा आटत जातो, आणि टपावर बसणारे बरेचसे हीट पंप ४-५ अंशांच्या खाली हात टेकतात.

हे मी निफाडलाच शिकलो. बागायतदाराने मळ्यातून वायर ओढून दिली होती, मी निवांत झोपलो. पहाटे जाग आली ती थंडीने. टपावर चढून पाहतो तर बाहेरच्या कॉइलवर पांढरा थर! ठिबक चालू असल्याने बागेत हवा ओलसर, आणि उष्णता ओढताना कॉइल शून्याखाली गेलेली. दव तिथेच गोठलं. ते वितळवायला यंत्र उलटं फिरायला लागलं आणि माझी ऊब बंद. घडांना थंडी बाधू नये म्हणून शेकोट्या पेटवत फिरणारे ते गृहस्थ खालून विचारतात, ‘तुमच्या मशीनलाही एक लावू का?’

आणि मळ्यातली वायर नसती तर? १२ व्होल्टच्या २०० ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर २.४ युनिटं असतात. १५०० वॅटचा हीटर ती दीड तासात पिऊन टाकतो. हीट पंप थोडा जास्त टिकेल, पण रात्र दहा तासांची आहे.

म्हणून स्पिती-लडाखला डिझेल हीटर. दोन किलोवॅटचा हीटर मंद चालवला तर रात्रीला एक-दोन लिटर डिझेल, आणि वीज फक्त पंख्याला न् छोट्या पंपाला. जळणाला हवा बाहेरून घेतो, धूरही बाहेर सोडतो. उंचावर हवा विरळ, त्यामुळे काजळी धरतो. उंचीप्रमाणे डिझेल कमी करायची सोय आहे का, हे दुकानदाराला विचाराच. शिवाय कडाक्याच्या थंडीत साधं डिझेलच दाटतं. म्हणून तर इंडियन ऑइलने २०१९ साली लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं.

गॅसचं थोडक्यात. सिलिंडरमधला ब्यूटेन शून्याच्या आसपासच वायू व्हायचं थांबतो, प्रोपेन उणे ४२ पर्यंत दम धरतो. आपल्या सिलिंडरमध्ये मिश्रण असतं, त्यामुळे ऐन थंडीत ज्योत मरगळते. पण शेगडी पेटवून बंद गाडीत झोपणं मात्र कोणत्याच हवेत नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. त्याचा अलार्म गाडीत कोणताही हीटर असला तरी बसवा.

माझ्या गाडीत दोन्ही आहेत. एप्रिल-मेमध्ये एसी लागणारच, मग तो हीट पंपवाला घेतला; डिझेल हीटर त्या पहाटेनंतर आला. मात्र या दोन्हींआधी, अंबडला बॉडी बांधून घेताना पत्रा आणि प्लायच्या मध्ये इन्सुलेशन भरून घ्या. नंतर सगळं प्लाय उचकटायला दुप्पट मजुरी जाते. मी मोजली आहे.